मेना प्यूचा ठिपकेदार पाव

वृद्धांच्या होमच्या दारात मिस हॅलमने पावाची पुरचुंडी दोऱ्याच्या गाठीला दोन बोटांच्या चिमटीत धरून उचलली होती. पाव अजून कोमट होता, बटर पेपरवर वाफेचे डाग दिसत होते.

"हा आत नेता येणार नाही, मेना."

"का?"

"घरी केलेलं अन्न आहे हे."

"हो. घरीच केलंय. माझ्या स्वतःच्या घरी."

"म्हणूनच," मिस हॅलम म्हणाली आणि हसली.

मी गाडीची किल्ली हातात घेऊन मागे उभी होते. इंग्रजीत आमच्या वेल्शसारखा तू आणि तुम्ही यांत फरक नसतो, पण त्या बाईच्या तोंडून ते 'तू'च ऐकू येत होतं. वय असेल पस्तीस. मेना शहात्तर वर्षांची. एकतीस वर्षं आमच्या गावच्या शाळेचं स्वयंपाकघर तिने चालवलं, त्यातली एकोणीस वर्षं मी तिच्या हाताखाली होते. माझे केस पांढरे झाले, तरी मी आजही तिला 'तुम्ही'च म्हणते. गावातली तीन पिढ्यांची पोरं तिला मेना आंटी म्हणतात. या बाईला येऊन आठ महिने झाले होते, आणि ती पहिल्या दिवसापासून 'मेना'.

"माझ्या नवऱ्याच्या पाठीला जखम आहे," मेना म्हणाली. "तुमच्याच आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, प्रथिनं पोटात गेल्याशिवाय ती भरायची नाही. या पावाच्या एका कापात दोन अंड्यांचं बळ आहे. तो हा खातो. दुसरं काही खात नाही."

"त्यासाठी आम्ही त्याला पोषक पेय देतो ना. दिवसाला दोन बाटल्या."

"तो पीत नाही."

"तक्त्यावर तर 'घेतलं' असं आहे," मिस हॅलम म्हणाली. तिने पुरचुंडी परत मेनाच्या हातात दिली आणि बाजूच्या बाटलीतलं जंतुनाशक हातांना चोळलं. पाव धरलेल्या हातांना. ते मी कधी विसरणार नाही.

*

आधी एमरिसबद्दल सांगायला हवं. एमरिस प्यू आमच्या स्लेटच्या खाणीत चव्वेचाळीस वर्षं दगड फोडणारा. हातात छिन्नी आणि लाकडी मोगरी, मांडीवर दगडाची लादी. एका लादीचे छपरांसाठी वहीच्या पुठ्ठ्याएवढे पातळ पापुद्रे काढायचा. कमी बोलणारा, पण बोलला की समोरच्याला गप्प करणारा. मेनाशी लग्नाला पन्नासवर वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. मागच्या दोन वर्षांत त्याची आठवण विसविशीत व्हायला लागली. किटली गॅसवर ठेवून तो डोंगरावर निघून जायचा. एकदा मेना त्याला शोधायला गेली आणि ओढ्यात पडून तिचं मनगट मोडलं. तेव्हा डॉक्टरांनीच बजावलं, आणि एमरिस गावाबाहेरच्या होममध्ये गेला.

ते होम पूर्वी आमच्या कौन्सिलचं होतं. तेव्हा बायका घरून सूप न्यायच्या, केक न्यायच्या, नाताळात तर तिथल्या टेबलांवर जागा उरायची नाही. मग ते सीमेपलीकडच्या, इंग्लंडातल्या कुठल्याशा कंपनीने घेतलं. भिंतींना नवा रंग लागला, दारावर आकड्यांचं कुलूप आलं, आणि व्यवस्थापक म्हणून मिस हॅलम आली.

सप्टेंबरात एमरिस न्हाणीघरात पडला. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तीन आठवडे इस्पितळात पाठीवर पडून राहिल्याने माकडहाडाशी अंड्याएवढी जखम झाली. परत आला तेव्हा त्याचं वजन एकोणपन्नास किलो होतं. खाणीतला गडी. त्याचा शर्ट खुंटीवर अडकवल्यासारखा खांद्यांवरून लोंबत होता.

जेवण समोर आलं की तो तोंड फिरवायचा. त्याला गिळायला त्रास नव्हता, ते इस्पितळात तपासून झालं होतं. त्याला नकोच असायचं. ती गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या वासाची बाटली तर मुळीच नको. मेनाने एकदा विचारलं, "चव कशीय?" तर म्हणाला, "रंगाची."

एकदा सहज त्याने विचारलं, "मेन, चहाबरोबर बारा ब्रिथ नाही का?"

बारा ब्रिथ म्हणजे आमचा ठिपकेदार पाव; वेल्शमध्ये 'बारा' म्हणजे पाव, आकडा नव्हे. काळ्या चहात मनुका-बेदाणे रात्रभर भिजवायचे आणि सकाळी मैद्यात कालवून भाजायचे. आमच्याकडे तो नाही असं घर नाही, आणि दुसरीच्या हातचा आवडतो अशी बाई नाही. पण त्यात असतं काय, मैदा आणि साखर. त्याने जखम भरत नाही.

"मग भरेल असा करू," मेना मला गाडीत म्हणाली.

तिने ते शाळेत करायची तसंच केलं. टेबलावर वही उघडली, डब्यांवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचली, कशात किती प्रथिनं ते एकाखाली एक मांडलं. पहिल्या पावात तिने व्यायामशाळेवाली पोरं खातात ती पावडर घातली. तो पाव कापताना सुरी वाकली.

"एमरिसला देऊ या," मी म्हटलं. "तो याचे पापुद्रे काढेल."

"हस तू. आणि तो डबा उचलून तुझ्या नातवाला दे."

दुसऱ्यात पनीरासारखं फुटकं दूध घातलं, तो मधोमध चिखल राहिला. तिसऱ्या वेळी जमलं. मैदा निम्म्याहून कमी, त्याच्या जागी बदामाची पूड. चार अंडी. बिनसायीच्या दुधाची पावडर. घट्ट बांधून पाणी काढलेला चक्का. साखर अजिबात नाही, गोडीला मनुका, बेदाणे, चिरलेले जर्दाळू आणि सुके प्लम, सगळं चहात फुगलेलं. वर दालचिनी आणि जायफळ. मंद आचेवर सव्वा तास, आणि वरचा भाग लाल झाला की त्याच्यावर फॉइल, म्हणजे करपत नाही. बाहेर काढल्यावर तिने लगेच कापू दिला नाही. मी सुरी घेऊन उभी, तर म्हणाली, "गरम कापलास तर भुगा होईल. एकोणीस वर्षं काय शिकवलं मी तुला?"

तो पाव ओलसर होता, जड होता, पण चव अस्सल होती. मेनाने डोळे मिटून एक घास चघळला. "आईच्या हातचा नाही," ती म्हणाली. "पण त्याला फसवता येईल."

त्याला फसवावं लागलंच नाही. पहिल्या दिवशी आम्ही तो पाव पर्समधून नेला, कुणाला सांगितलं नाही. एमरिसने लोणी लावलेले दोन काप खाल्ले आणि बोटाने बशीतले कण टिपले. दुसऱ्या दिवशीही दोन. तिसऱ्या दिवशी मेना म्हणाली, "मी काय चोर आहे का? उघड नेते." आणि ती पुरचुंडी हातात धरून समोरच्या दाराने गेली.

*

दुसऱ्या दिवशी मेना पुन्हा गेली. या खेपेला पावावर चिठ्ठी चिकटवलेली होती, सगळ्या जिनसा, कशाची ॲलर्जी होऊ शकते ते ठळक अक्षरांत, भाजल्याची तारीख. काखेत भिंतीवरून काढलेली फ्रेम. अन्नस्वच्छतेचं प्रमाणपत्र, सरकारी शिक्क्याचं.

मिस हॅलमने फ्रेम हातातही घेतली नाही. "छानच आहे, डिअर. पण धोरण म्हणजे धोरण."

"ते कुठे लिहिलंय ते दाखवा."

"ते अंतर्गत आहे."

"एकशे चाळीस मुलांना मी रोज जेवू घालत होते. एकतीस वर्षांत एका पोराचं पोट बिघडलं नाही."

"मला खात्री आहे. पण उद्या काही झालं तर जबाबदारी आमची."

"आणि आज काय होतंय?" मेनाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. शाळेत आवाज खाली गेला की आम्ही सगळ्या भांडी ठेवून उभ्या राहायचो. "तो तुमच्या छपराखाली आठवड्याला किलोभर झिजतोय. त्याची जबाबदारी कुणाची?"

मिस हॅलमने घड्याळाकडे पाहिलं. "हे बघ, इमारतीत आणि आवारात बाहेरचं अन्न चालणार नाही. कुंपणाबाहेर तू काय करतेस ते मी बघायला येणार नाही."

हे ती बोलून गेली, आणि तिथेच फसली.

*

होमच्या फाटकाबाहेर, पंधरा पावलांवर बसथांबा आहे. तीन बाजूंना दगडी भिंत, वर स्लेटचं छप्पर, आत एक बाक. त्या ऑक्टोबरात रोज दुपारी तीनला मेना बाहेर नेण्याच्या वहीत सही करायची आणि एमरिसला चाकाच्या खुर्चीतून त्या थांब्यावर आणायची. डोक्यावर टोपी, गुडघ्यांवर दोन घोंगड्या, पाठीमागे जखमेसाठी हवेची उशी. मी थर्मास धरायची. आमच्याकडे ऑक्टोबरात पाऊस पडतो असं म्हणण्यात अर्थ नाही, तो थांबतो कधी तेवढंच सांगता येतं.

पहिल्याच दिवशी एमरिसने मान वर करून छप्पर न्याहाळलं. "या स्लेटा आमच्या खाणीच्या नाहीत," तो म्हणाला. "स्पेनच्या असतील. बघ कशा उलल्यात."

"तू खा आधी."

"खातोय. पण लावणाऱ्याला लाज वाटायला हवी होती."

एवढी लांब वाक्यं त्याच्या तोंडून आम्ही महिन्यात ऐकली नव्हती. बाहेरच्या हवेने असेल, पावाने असेल, किंवा दगडी भिंतींमुळे असेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्या मनाने ती जागा ठरवून टाकली. खाणीत जेवणाच्या सुट्टीत गडी ज्या दगडी खोलीत जमायचे आणि जगातल्या यच्चयावत गोष्टींवर वाद घालायचे, तिला आम्ही काबान म्हणतो. एमरिसला तो थांबा काबान वाटायला लागला. बसची वाट पाहत कुणी आत आलं की तो म्हणायचा, "या, बसा. आजचा विषय काय?" आणि माणसं खरोखर बसायची. विषय निघायचे. पुलाची दुरुस्ती, चर्चमधला ऑर्गन, मेंढ्यांचे भाव. एमरिस पाव चघळत ऐकायचा, मध्येच एखाद्याला थांबवून म्हणायचा, "एका वेळी एकाने."

सव्वातीनची बस गेथिन चालवायचा. तो मेनाच्या शाळेतला, लहानपणी वाटाणे खिशात लपवणारा. त्याने दुसऱ्या दिवशी इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

"आंटी, हे काय? या पावसात?"

मेनाने त्याला एक काप दिला आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. गेथिनने काप संपवला, तोंड पुसलं, आणि बसमध्ये चढून तेच सगळं प्रवाशांना ऐकवलं. त्याने जरा वाढवूनच सांगितलं असणार. त्या बसला रोज आमच्या भागातले निम्मे निवृत्त शिक्षक असतात. आठ दिवसांत कंपनीच्या मुख्य कचेरीला एकोणीस पत्रं गेली. त्यातली चौदा वेल्शमध्ये होती. ती वाचून घ्यायला त्यांना माणूस शोधावा लागला म्हणे.

दुसऱ्या आठवड्यात अठरा नंबरच्या खोलीतल्या म्हाताऱ्याची मुलगीही वडिलांना घेऊन बाहेर आली. तिच्या डब्यात मटणाचं सूप होतं. तिसऱ्या आठवड्यात थांब्यात चार चाकाच्या खुर्च्या होत्या आणि बसच्या प्रवाशांना पावसात उभं राहावं लागत होतं. कुणी तक्रार केली नाही.

मिस हॅलम छत्री घेऊन बाहेर आली ती एका गुरुवारी.

"मेना, हे थांबवायला हवं. लोक बघतायत."

"बघू देत."

"एवढ्या थंडीत त्याला बाहेर आणणं बरं दिसतं का?"

"नाही दिसत," मेना म्हणाली. "मला तर तीन आठवडे दिसतंय ते. तुम्हाला आज दिसलं."

एमरिसने मिस हॅलमकडे पाहिलं. इंग्रजी त्याच्या डोक्यातून जवळजवळ पुसलं गेलं होतं, पण सभ्यपणा नव्हता गेला. "बसायला जागा द्या त्या बाईंना," तो वेल्शमध्ये म्हणाला. तिला ते कळलं नाही; ती छत्रीखाली उभीच राहिली.

सोमवारपासून परवानगी मिळाली. काचेच्या खोलीत, तीन ते साडेतीन, चिठ्ठी लावलेला पाव. परवानगी देताना कुणी माफी मागितली नाही. "आम्ही धोरणाचा फेरविचार केला आहे," एवढंच. मेनाने रोज चिठ्ठी लावली, एकही दिवस चुकली नाही.

*

त्या होममध्ये बिन्सी नावाची केरळची मुलगी कामाला होती. तिने दोन वर्षांत आमच्या भाषेतले इतके शब्द उचलले होते की एमरिस तिच्याशी भांडू शकायचा. जखमेची पट्टी तीच बदलायची. नोव्हेंबरात एके दिवशी ती मेनाला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "आंटी, जखम लाल झालीय. चांगली लाल. काठ आत ओढले जातायत."

मेनाने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग बिन्सी खाली बघत म्हणाली, "एक सांगू? त्या बाटलीचं. खोलीत ठेवली की तक्त्यावर खूण करायची, असं सांगितलंय आम्हाला. प्यायले की नाही ते बघायला वेळच नसतो. अठ्ठावीस माणसं आणि आम्ही तिघी. मला ते बरोबर वाटत नाही, पण…"

"तू काही बोललीच नाहीस," मेना म्हणाली. "आणि मी काही ऐकलं नाही. व्हिसाचे कागद तुझे त्या हॅलमच्या हातात आहेत. गप्प राहा."

डिसेंबरात वजन बावन्नवर गेलं, आणि एमरिस वॉकर धरून खोलीत चालायला लागला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी पट्टी कायमची काढली. चौदा आठवडे. त्या दिवशी घरी गेल्यावर मेनाने मला आत बोलावलं आणि कपाटातली शेरी काढली. ती बाटली मी पहिल्यांदाच उघडलेली पाहिली.

आणि मग तो फलक लागला.

होमच्या दर्शनी भिंतीवर, काचेत, रंगीत. वर कंपनीचं चिन्ह. खाली एक म्हाताऱ्याचा हसरा फोटो, आमच्या ओळखीतल्या कुणाचाच नाही. मजकूर असा होता: आमच्या पोषण-योजनेमुळे एका रहिवाशाची गंभीर जखम केवळ चौदा आठवड्यांत बरी झाली, वजन चार किलोने वाढलं. शेजारी त्या गुलाबी बाटलीचं चित्र.

मेनाने तो दोनदा वाचला. मला वाटलं ती काच फोडेल. मीच फोडली असती.

मिस हॅलम कचेरीच्या दारात आली. "सुंदर झालाय ना? मुख्य कचेरीला फार कौतुक वाटलं."

"हा एमरिस आहे," मेना म्हणाली.

"नाव कुठेच दिलेलं नाही."

"पण आहे एमरिसच. आणि त्याने ती बाटली कधी प्यायली?"

"तक्ता बघ ना. रोज दोन, एकही दिवस सुटलेला नाही." आणि मग आवाज मऊ करून, "तुझा केकही छान असतो हं, मेना. त्याला आनंद होतो त्याने. आनंद पण महत्त्वाचा असतो."

केक. आनंद. मी तोंड उघडलं, तर मेनाने माझ्या दंडावर हात ठेवला. बाहेर आल्यावर मी विचारलं, "का गप्प बसलात तुम्ही?"

"तो आत आहे, डेलिथ," ती म्हणाली. "मी संध्याकाळी घरी जाते, तो आतच राहतो. उद्या तीन वाजता त्यांनी दार उघडायला हवं ना."

*

फेब्रुवारीत होममध्ये सर्दीची साथ आली. एमरिसला न्यूमोनिया झाला आणि सहा दिवसांत तो गेला, सकाळी नऊ वाजता, मेना शेजारी असताना. कुणाचा दोष नव्हता. एक्याऐंशी वर्षांचा होता, आणि चव्वेचाळीस वर्षांची दगडाची धूळ त्याच्या छातीत होती.

मेना म्हणाली, त्याला मी धुणार. बिन्सी आणि ती, दोघींनी मिळून धुतलं. मी टॉवेल देत होते. त्याला कुशीवर वळवल्यावर बिन्सीने माकडहाडाशी दिवा धरला. जखमेच्या जागी फक्त नाण्याएवढी गुलाबी, गुळगुळीत कातडी होती. मेनाने त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "अख्खा आहे. अख्खा जातोय."

अंत्यसंस्कारानंतर चार दिवसांनी खोली रिकामी करायला सांगणारा फोन आला. आम्ही दोघी खोके घेऊन गेलो. कपाटात दोन सूट, ओव्हरकोट, टोप्या. खाली त्याचे खाणीतले जाड बूट. मेना कपडे काढून देत होती, मी घड्या घालत होते. तिने ओव्हरकोट उचलला आणि तशीच थांबली.

"डेलिथ. इकडे ये."

कोटामागे, कपाटाच्या तळापासून वरपर्यंत, गुलाबी बाटल्या रचलेल्या होत्या. फेकलेल्या नव्हेत, रचलेल्या. एकीवर एक, रांगेला रांग, सांध्यावर सांधा चुकवून, खाणीत स्लेटा रचतात तशा. एकाही बाटलीचं सील तुटलेलं नव्हतं. आम्ही मोजल्या. दोनशे साठ. रोजच्या दोन, चार महिने आणि वर थोडे. त्याला लग्नाची तारीख आठवत नव्हती, पण रचायचं कसं ते हात विसरले नव्हते.

मेना पलंगाच्या कडेवर बसली. मला वाटलं आता ती रडेल. अंत्यसंस्कारातही रडली नव्हती. पण ती उठली आणि दाराबाहेरची कपडे धुण्याची ढकलगाडी ओढून आत आणली.

"भर," ती म्हणाली.

सगळ्या बाटल्या त्या गाडीत भरायला आम्हाला पाव तास लागला. मिस हॅलमच्या कचेरीत मेनाने गाडी थेट टेबलाला नेऊन टेकवली.

"हे काय आहे?"

"एमरिसने घेतलेलं पेय," मेना म्हणाली. "तक्ता काढा."

मिस हॅलमने एक बाटली उचलली, झाकण फिरवून पाहिलं, खाली ठेवली. दुसरी उचलली. तिचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. "हे फार गंभीर आहे. ज्या मुलीने या खुणा केल्यात तिला मी आजच…"

"मुलीला मध्ये आणायचं नाही." मेनाचा आवाज पुन्हा खाली गेला. "दर रविवारी तक्ता तपासल्याची सही कुणाची असते? मी पाहिलीय. तुमची आहे. तुम्ही एकदा तरी कपाट उघडलंत का? एकदा तरी त्याला विचारलंत का? खुणा करायला लावणारं माणूस आधी, मग करणारी. या मुलीला काही झालं तर या बाटल्या मी बसथांब्यावर मांडेन. सव्वातीनच्या बसला."

मिस हॅलमने हातातली बाटली परत गाडीत ठेवली.

"तुम्हाला काय हवंय?" मिस हॅलमने शेवटी विचारलं. "नुकसानभरपाई असेल तर त्यासाठी वेगळा विभाग…"

"कशाची भरपाई? त्याचं वजन वाढलं, जखम भरली. ते कशाने झालं एवढंच मला लिहून हवंय. त्याच्या कागदांवर. आत्ता."

"आता तो… आता ती फाइल बंद झालीय."

"उघडा."

मिस हॅलमने फाइल उघडली. मेना उभीच होती, ओव्हरकोट हातावर. तिने सांगितलं आणि मिस हॅलमने लिहिलं. रहिवाशाने पोषक पेय घेतलेलं नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी रोज दुपारी पत्नीने घरी भाजलेल्या, अधिक प्रथिनांच्या फळांच्या पावाचे दोन काप घेतले. वजनवाढ आणि जखम भरणं या काळातलं आहे. मिस हॅलमने 'केक' लिहिलं होतं, ते मेनाने खोडायला लावलं.

"खाली सही. आणि मला याची प्रत."

प्रत निघाली. मेनाने चष्मा लावून ती उभ्यानेच वाचली, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत. शाळेत धान्य उतरवून घेताना ती अशीच वाचायची. मग म्हणाली, "बाहेरचा फलक तुम्ही काढाल. मी काढला तर तुकडे होतील." ते ती अगदी शांतपणे म्हणाली.

खोके मी माझ्या मोटारीत मागच्या सीटवर ठेवले. मेना माझ्या शेजारी बसली, तो कागद मांडीवर, त्यावर दोन्ही तळवे सपाट. पाऊस होता, रस्ता सगळा वळणांचा. प्रत्येक वळणावर तिचं शरीर कलत होतं, पण हात हलत नव्हते.

"घडी घालून पर्समध्ये ठेवा ना," मी म्हटलं. "चुरगळेल."

"घडी नाही घालायची," मेना म्हणाली आणि समोर बघत राहिली.